इयावोला नाव नसतं

डुक्कर भाजून तयार होतं, ताटं मांडून झाली होती, आणि तरी जेवायला बसायचं कसं हेच कुणाला कळेना.

आनिसेतोकाका आठ-दहा दिवस कार्देनासला, समुद्राकाठच्या एका मित्राकडे, घसा विसावायला गेला होता. म्हणजे आम्हाला त्याने तसं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच्या ‘ला फ्लोर’ वाद्यवृंदाला पन्नास वर्षं होणार होती. नदीकाठच्या मैदानात मोठा नाच ठरला होता, हवानाहून टेलिव्हिजनवाले येणार होते. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या गायकाने थोडे दिवस गप्प बसावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लालाकाकूला तर बरंच वाटलं. घरातली बडबड तेवढीच कमी.

आणि रविवारी तो परत आला तो असा. गाडीतून आधी पांढरी छत्री बाहेर आली, मग पांढरे बूट, मग पांढरी विजार आणि शेवटी पांढऱ्या टोपीखालचा आमचा काका. ज्या केसांच्या कोंबड्यावर निम्मं मातान्सास एके काळी भाळलं होतं, त्या केसांचा पत्ता नव्हता. डोकं गुळगुळीत भादरलेलं. मनगटात कडी, गळ्यात मण्यांच्या माळा. त्याच्या मागून सिम्पसन वस्तीतली म्हातारी सोइला उतरली, आणि मग विचारायचं काही उरलंच नाही. तिच्या घराच्या मागच्या खोलीत बसून, तिच्याकडून दीक्षा घेऊन, काकाने संत माथ्यावर घेतला होता. कार्देनास वगैरे सगळी थाप.

लालाकाकू हात पसरून पुढे धावली, तसा काका एक पाऊल मागे सरला.

“शिवू नकोस गं,” सोइला म्हणाली. “त्याच्या हातात हात द्यायचा नाही, हातातून काही घ्यायचं नाही. इयावो आहे तो.”

“नवरा आहे माझा,” लालाकाकू म्हणाली.

“असेल. वर्षभर मात्र तो संताची नवी नवरी. आणि आनिसेतो म्हणून हाक मारायची नाही. इयावोला नाव नसतं.”

पलीकडच्या भिंतीवर त्याच्या नावाचं हातभर मोठं पोस्टर डकवलेलं होतं. आम्ही सगळे एकदा पोस्टरकडे, एकदा काकाकडे बघत राहिलो. काका मात्र लाजऱ्या पाहुण्यासारखा खाली बघत होता. अख्ख्या आयुष्यात तो कधी खाली बघताना मला आठवत नाही.

सोइलाने दारातच एकेक नियम सांगायला सुरुवात केली. चटईवर बसून जेवायचं, फक्त चमच्याने, ताट-वाटी वेगळी. आरशात बघायचं नाही. नाचगाण्याच्या गर्दीत जायचं नाही. आणि दिवेलागणीनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

ओरेस्तेसने, म्हणजे काकाच्या मुलाने, इतका वेळ हातातली बिअरची बाटली उघडलीच नव्हती. तो प्रांताच्या सांस्कृतिक कचेरीत अधिकारी, शिवाय देवधर्म न मानणाऱ्या पक्षाचा माणूस. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता तो चेहऱ्यावर दिसत होता.

“दिवेलागणीनंतर नाही,” तो म्हणाला. “आणि आपला नाच रात्री नऊला.”

“मग नाच सकाळी ठेव,” सोइला म्हणाली, आणि डुकराच्या वासाच्या दिशेने आत गेली.

*

लालाकाकू आरसे झाकत होती. बैठकीतला मोठा आरसा, कपाटाचा आरसा, न्हाणीतला तडा गेलेला. चादरी संपल्या तेव्हा तिने टेबलावरचं कापड ओढलं, त्यासरशी ताटं घरंगळली.

“घरात कुणी मेल्यासारखं दिसतंय,” ती मला म्हणाली. “धर गं ते टोक.”

तिला काहीच उमगत नव्हतं, हे तिने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. तिची स्वतःची आई संताची होती. लग्नाआधी घरात सोपस्कार होते, कवड्या होत्या, पांढरे कपडे होते. ते सगळं तिने काकासाठी सोडलं, कारण काका हसायचा. माझा संत म्हणजे माझा आवाज, म्हणायचा, आणि तो रोज पोटभर जेवतो. मग आता या वयात हे काय? आमच्याकडे माणूस म्हातारपणी संताकडे धावतो तो एकाच कारणाने. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात.

तिने कॉफी केली. सवयीने कप पुढे केला, मग आठवण झाली तशी खाली चटईजवळ ठेवला. काका आतल्या खोलीत चटईवर मांडी घालून बसला होता. एवढा मोठा माणूस जमिनीवर बसलेला बघून तिला भडभडून आलं.

“म्हाताऱ्या, कुठे दुखतंय?”

“कुठे नाही.”

“घसा?”

“घसा ठणठणीत आहे.”

“रक्त पडलं का खोकताना? माझ्या आईची शपथ घालीन.”

“इयावोला शपथ घालत नाहीत,” काका म्हणाला. “आणि साखर जास्त घातलीस.”

एरवी या वाक्यावर लालाकाकूने त्याला चार ऐकवली असती. आता नाव घेऊन रागावता येईना, नाव न घेता रागावायची सवय नाही. ती नुसतीच दाराच्या चौकटीत उभी राहिली. साखर तिने घातलीच नव्हती.

*

पुढच्या ओट्यावर ओरेस्तेस आणि माझे बाबा बसले होते. माझे बाबा फेर्मिन, काकाचे धाकटे भाऊ. ला फ्लोर या दोघा भावांनीच उभा केला. काका पुढे गाणार, बाबा मागे त्रेसच्या, म्हणजे छोट्या गिटारच्या, तारा छेडणार. एवढ्या वर्षांत दोघांत भांडण झालं नाही, कारण बाबा भांडायला तोंड उघडतच नाहीत. मूग गिळून बसायचं आणि वाजवायचं.

“उद्या कचेरीत काय सांगू मी, काका?” ओरेस्तेस म्हणाला. “गेल्या बैठकीत मीच म्हणालो, आम्हा मोंतालवोंच्या घरात असली थेरं नाहीत.”

“सांग, टक्कल पडलं.”

“आणि पांढरे कपडे?”

“सांग, टकलाला शोभतात.”

ओरेस्तेसला हसू येईना. तो मनाने वाईट नाही, फक्त जन्मभर बापाच्या नावाच्या सावलीत बसून त्या सावलीचाच पगार घेत आला आहे. नाच त्याने ठरवला, टेलिव्हिजनवाल्यांना त्याने बोलावलं. आयुष्यात एकदा बापासाठी काही मोठं करायला गेला, तर बापाने हे केलं.

“तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“मला?” बाबा म्हणाले. “मी त्याला शुक्रवारी आंबे पाठवले. कार्देनासच्या पत्त्यावर.”

त्यांना लागलं होतं. आंब्यांचं नव्हे, हे मला कळत होतं. भावाने एवढी मोठी गोष्ट केली आणि आपल्याला एका शब्दाने विचारलं नाही, हे त्यांना लागलं होतं. पण ते बोलणार नाहीत. बोलले असते तर बाबा कसले.

मग ओरेस्तेसला एकदम आठवलं. त्यांच्याच मंडळींतल्या ढोल वाजवणाऱ्या कोंगावाल्याने चार वर्षांपूर्वी संत घेतला होता, आणि तो तर महिन्याभरात वाजवायला उभा राहिला होता, पांढऱ्या कपड्यांत. गुरूने त्याला परवानगी काढून दिली होती. वाजवणं हेच ज्याचं पोट, त्याला संत अडवत नाही.

“परवानगी,” ओरेस्तेस उठलाच. “सोइलाकडून परवानगी घ्यायची. झालं.”

पक्षाचा माणूस संताकडे परवानगी मागायला निघाला, आणि त्यात काही गंमत आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

*

सोइला परसात डोलखुर्चीत बसून भाजलेली कुरकुरीत कातडी चघळत होती. तिला दात किती उरलेत देव जाणे, पण कातडी काही सुटत नव्हती. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. लालाकाकू ओल्या हातांनी आली. नेरेइदा, काकाची मुलगी, मघापासून पाण्याचा जग हातात घेऊन एकाच जागी उभी होती, ती तशीच आली.

“माद्रिना,” गुरुमाईला मारायची ती हाक मारत ओरेस्तेसने अगदी गोड आवाज काढला, “पापांना एका रात्रीची सूट मिळेल का? फक्त गाण्यापुरती. गाऊन झालं की लगेच घरी.”

सोइलाने हाताची बोटं एकेक करून पुसली.

“मिळाली आहे,” ती म्हणाली.

“काय मिळाली?”

“सूट. संताचं बोलणं काढलं त्याच दिवशी कवड्यांनी सांगितलं, याला गाऊ द्या. रात्री जाऊ द्या, गर्दीत जाऊ द्या, पांढऱ्यात असला म्हणजे झालं. मी म्हटलं, चला, सुटलास. तर हाच म्हणाला, नको.”

भट्टीत चरबीचा थेंब पडून चुरचुर झाली.

“नको म्हणजे?” बाबांनी विचारलं.

“नको म्हणजे नको. म्हणाला, माद्रिना, ही सूट मला नको आणि घरी कुणाला सांगूही नका. मी म्हटलं, आपण होऊन सांगणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलायचं माझं वय राहिलेलं नाही. तुम्ही विचारलंत.”

आणि मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. आतापर्यंत सगळ्यांना वाटत होतं की संताने काकाला अडवलं. आता कळलं की संताने दार सताड उघडं ठेवलं होतं आणि काकाने आतून कडी घातली.

“तो मरतोय,” लालाकाकू म्हणाली. “मला सांगत नाही, पण तो मरतोय. ओरेस्तेस, उद्याच्या उद्या डॉक्टर.”

“ममा, मरणारा माणूस एवढे युकाचे कंद खात नाही.”

“तू गप. तुला काय कळतंय.”

“मला एवढं कळतंय की नाच महिन्यावर आलाय आणि पुढे उभं राहायला माणूस नाही.” ओरेस्तेस येरझाऱ्या घालू लागला. “ठीक आहे. हवानाला फोन करतो. तिथून एखादा नावाजलेला गायक मागवतो. पापांच्या सन्मानार्थ म्हणता येईल.”

“आधी डॉक्टर, मग कुणालाही मागव,” लालाकाकू म्हणाली. एरवी बाहेरचा माणूस ला फ्लोरपुढे उभा करायचं कुणी नुसतं म्हटलं असतं तरी तिने लाटणं उगारलं असतं. पण त्या क्षणी ती मुलाच्या बाजूला गेली. नवऱ्याचा जीव वाचतोय म्हटल्यावर वाद्यवृंदाचं काय घेऊन बसायचं.

“फेर्मिनकाका, तुम्ही तरी बोला,” ओरेस्तेस म्हणाला.

बाबा उठले. “चारला मंडळी येतील तालमीला. मी तारा लावतो,” एवढंच म्हणाले आणि त्रेस घेऊन आंब्याखाली जाऊन बसले.

नेरेइदाकडे कुणी बघितलंच नाही. हवानाचा गायक म्हटल्यावर तिच्या हातातला जग कलला आणि पाणी तिच्या सपातांवर सांडलं, ते मी बघितलं.

*

नेरेइदा एक्केचाळीस वर्षांची. वीस वर्षं ती बापाच्या डाव्या हाताला दोन पावलं मागे उभी राहून माराका खुळखुळवत कोरस गात आलेली. तिला पुढे उभं राहायचं होतं. हे सगळं तिने मला पुढे सांगितलं; तोवर तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवरा टिकला असता तर कदाचित त्याला सांगितलं असतं. आणि पुढे उभं राहायचं म्हणजे बापाने बाजूला व्हायचं, म्हणून ती इच्छा मनात आली की तिला स्वतःचीच लाज वाटायची. त्यात गेलं वर्षभर तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, आणि तिला खात्री होती की ती बापाला माहीत नाही.

ती बापाच्या खोलीत गेली आणि चटईसमोर जमिनीवरच बसली.

“पापा, सोइलाने सांगितलं सगळं. सूट होती.”

“म्हातारीच्या पोटात तीळ भिजत नाही,” काका म्हणाला.

“का नाकारलीत?”

काकाने चमच्याने ताटातला भात एका बाजूला केला.

“फेब्रुवारीत, होवेयानोसच्या नाचात, तू कोरसची ओळ एकदा जास्त म्हणालीस.”

नेरेइदा घाईने म्हणाली, “लोकांना आवडत होतं म्हणून—”

“खोटं बोलू नकोस. इयावोपुढे खोटं बोललं की तोंड वाकडं होतं.”

“असा काही नियम नाही.”

“नसेल. मी केला.”

आता इथे थोडं सांगितलं पाहिजे. क्लावे म्हणजे लाकडाचे दोन दांडके. तीन ठोके, मग दोन, पुन्हा तीन. बाकीची सगळी वाद्यं, गाणारा, नाचणाऱ्यांचे पाय, सगळं त्या ठोक्यांवर उभं. तीनच्या जागी दोनवर शिरला की त्याला आमच्यात ‘आडवा गेला’ म्हणतात. नवशिका आडवा गेला तर त्याला त्याच दिवशी घरी धाडतात. पण ला फ्लोरमध्ये दांडके काकाच्या हातात आणि गाणंही काकाच्या तोंडी. तोच आडवा गेला तर? तर काय, सगळा वाद्यवृंद गुपचूप उलटा फिरतो आणि त्याच्या चुकीभोवती उभा राहतो. वर्षभर हेच चाललं होतं. महिन्यातून एकदा, मग नाचात एकदा, मग दर दोन गाण्यांत. आणि नेरेइदा कोरसची ओळ कधी ओढायची, कधी तोडायची, म्हणजे बाप पुन्हा शिरेल तेव्हा सरळ पडेल.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?” तिने विचारलं.

“तू पहिल्यांदा ओढलीस तेव्हापासून. अगं, चाळीस वर्षं मी माणसं याच कारणाने काढली. एकाला भर नाचात उतरवला स्टेजवरून. फेर्मिनच्या मेव्हण्याला काढला, तो पुढे माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. आता मला कोण काढणार? तू ओळ ओढतेस. फेर्मिन तारा फिरवतो आणि माझ्याकडे बघून मान डोलावतो, जणू मीच काहीतरी नवं काढलं. ओरेस्तेसला काही ऐकूच येत नाही, तो बिचारा जन्मापासून तसा.”

“तुम्ही आपणहून सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही सगळे नाही नाही म्हणाला असतात. आणि मी विश्वास ठेवला असता. मी ओळखून आहे मला. टाळ्या वाजल्या की मी पुन्हा उभा. मग लोकांचे पाय अडखळायला लागले असते. लोक बोलत नाहीत पोरी, नाचायचे थांबतात. ते बघायचं नव्हतं मला. म्हणून अशा ठिकाणी गेलो जिथून मला कुणी मागे ओढू शकणार नाही.”

“संताला फसवलंत?”

“छे. त्याला सगळं खरं सांगितलं, शब्द न् शब्द. तरी कवड्या पडल्या त्या ‘गा’ म्हणून.” काकाने सुस्कारा टाकला. “संतही भिडस्तच निघाला.”

नेरेइदाला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग रडू. तिला काय होतंय हे तिचं तिलाच कळेना.

“ओरेस्तेस हवानाला फोन करतोय,” ती म्हणाली. “पुढे उभं राहायला कुणीतरी मागवतोय.”

“असं.”

“पापा, मला उभं राहायचंय.” एवढ्या वर्षांचं ते वाक्य असं जमिनीवर बसून, नाक पुसत बाहेर आलं. “आणि मला हेही कळत नाही की मी त्या ओळी तुमच्यासाठी ओढत होते की माझ्यासाठी. तुम्ही कोसळलात की सगळंच संपेल म्हणून ओढत होते, की तुम्ही राहावं म्हणून, की तुमच्या चुका मी सावरते याचं मला आतून बरं वाटत होतं. मला खरंच कळत नाही.”

“मलाही कळत नाही,” काका म्हणाला.

“मग तुम्ही बाहेर येऊन सांगा सगळ्यांना. नेरेइदा गाणार म्हणून. तुम्ही म्हणालात की कुणी ब्र काढणार नाही.”

“मी कोण? मला नाव नाही.”

“पापा.”

“मी नेमलं तर तू माझी नेमलेली. चुकलीस की पुन्हा तुझ्यासाठी सगळे उलटे फिरतील, म्हाताऱ्याची मुलगी म्हणून. जा. मंडळी आली वाटतं.”

*

चार वाजता दर रविवारी मंडळी परसात जमायची. त्या दिवशीही जमली, आणि बातमी आधीच पोचल्यामुळे प्रत्येकजण चर्चमध्ये शिरावं तसा दबक्या पावलांनी आला. ट्रम्पेटवाले कुजबुजत होते. कोंगावाला, ज्याने स्वतः संत घेतला होता, तो सगळ्यांना समजावत होता आणि त्याने गोंधळ आणखी वाढत होता. पुढची जागा रिकामी होती. त्या जागेभोवती सगळ्यांनी आपोआप अर्धवर्तुळ केलं, जणू काका तिथे उभाच आहे.

“आज नुसतीच वाद्यं,” ओरेस्तेस म्हणाला. “गायकाचं मी बघतोय, हवानाला—”

नेरेइदाने माराका माझ्या हातात दिल्या, क्लावेचे दांडके उचलले आणि पुढे जाऊन उभी राहिली.

माझ्या बाबांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना वाटलं ही आता भावाकडून निरोप घेऊन आली आहे. ते वाट बघत राहिले. निरोप आला नाही. तिने नुसतंच त्यांच्याकडे बघितलं आणि ठोके धरले.

“नेरेइदा, हे काय चाललंय?” ओरेस्तेसने विचारलं.

“तालीम,” ती म्हणाली.

बाबांनी तारा छेडल्या. दुसरं काय करणार, ठोके पडले की त्यांचा हात आपोआप चालतो. बास आला, कोंगा आला, आणि नेरेइदा गायला लागली. आवाज तिचा बापासारखा नाही, खालचा आहे, थोडा खरखरीत. पण वीस वर्षं मागे दडवलेला आवाज होता तो, भरभरून आला. ट्रम्पेटवाल्यांपैकी एकाने भुवया उंचावल्या. ओरेस्तेससुद्धा गप्प झाला. लालाकाकू स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत गेली आणि चटईशेजारच्या ठेंगण्या स्टुलावर टेकली.

मग तो भाग आला जिथे लिहिलेले शब्द संपतात आणि गाणाऱ्याने कोरसच्या मधे मधे आपल्या मनाने ओळी रचायच्या असतात. पहिली ओळ नेरेइदाने छान टाकली. दुसरीही. तिसऱ्या ओळीला तिच्या डोक्यात काहीतरी घाई झाली आणि ती शिरली ती चक्क दोनवर.

वर्षभराची सवय. अर्धे जण उलटे फिरले, अर्ध्यांना प्रश्न पडला की हिच्यासाठी फिरायचं की नाही, आणि सगळं एकमेकांच्या पायात आलं. तरीही कुणी थांबलं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? जो तो शेजाऱ्याकडे बघत वाजवत राहिला.

बाबांनी तारांवर पंजा आपटला.

“थांबा.”

सगळे थांबले. बाबांचा आवाज परसात एवढा मोठा कधी निघाला नव्हता, त्यांचं त्यांनाच कानकोंडं झाल्यासारखं झालं. त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं आणि पुन्हा पुतणीकडे.

“आडवी गेलीस,” ते म्हणाले. “तिसऱ्या ओळीला. साफ आडवी गेलीस.”

नेरेइदा कानापर्यंत लाल झाली. सगळ्यांसमोर. मला वाटलं आता ही दांडके टाकून आत पळणार. तिने ते आणखी घट्ट धरले.

“हो, गेले,” ती म्हणाली. “पुन्हा घेऊ. पहिल्यापासून.”

आत खोलीत काकाने चमचा ताटात ठेवला होता. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. लालाकाकू सांगते, तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला वाटलं, आता सांगेल कुठे दुखतंय ते.

“येतं की फेर्मिनला बोलता,” काका म्हणाला.

“न यायला काय झालं?”

“मला ‘आडवा गेलास’ म्हणाला नाही गं. वर्षभर वाट बघितली. एकदाही म्हणाला नाही.”

तेव्हा कुठे लालाकाकूच्या लक्षात आलं की हा आजारी नाही, मरत नाही, आणि डॉक्टरला बोलवून काही उपयोगही नाही.

“आणि म्हणाला असता,” तिने विचारलं, “तर ऐकलं असतंस?”

बाहेर ठोके पुन्हा सुरू झाले. तीन, मग दोन. काकाने ते नीट ऐकले.

“नाही,” तो म्हणाला. “त्यालाच काढला असता.”